बारावी मेख

मिठाचं भांडं, मोहरीची बाटली, विजेचं बिल
कोपराने बाजूला सारून
टेगिडने टेबलावर नकाशा पसरला.
मधल्या घडीवर कागद विरलाय,
पावसात भिजून, शेगडीवर वाळून.
त्या घडीत एक पूल गेला, एक अख्खं शेत गेलं.
"इथून काढायचा का रस्ता?" तो विचारतो,
बोट बरोब्बर त्या भोकावर ठेवून.

एप्रिल ठरला.
राइअडरच्या वरच्या अंगाला वसंत येतो,
पण डोक्यावरची टोपी न काढता,
दारातूनच बोलून जाणाऱ्या पाहुण्यासारखा.
कोकरं जन्मतात तीच भिजलेली.
रेडिओवरची बाई म्हणते, "अधूनमधून सरी."
सरी आमच्या ओळखीच्या आहेत,
हे 'अधूनमधून' कुठल्या महिन्यात असतं
ते अजून कळलेलं नाही.

पहिला दिवस: सव्वीस मैल, धरणाच्या कडेकडेने.
दुसरा: चाळीस, असं तो म्हणतो.
तीस, असं त्याचा गुडघा म्हणतो.
मी पेन्सिलीने पस्तीस लिहिते.
तपकिरी रेषा जिथे एकमेकींना चिकटतात
तिथे सायकल हातात धरून चालायचं
आणि तिथे,
हे मी लिहीत नाही, पण दोघांना माहीत आहे,
तिथे काही बोलायचं नाही.

मग तिसरी रात्र.
तिसऱ्या रात्रीपाशी पेन्सिल थांबते.
टेगिड उठून चहाचं आधण ठेवतो,
जे आधीच ठेवलेलं आहे.

फोन शेवटी मीच केला.
मिसेस प्रॉसर पलीकडून ओरडून बोलतात,
वारा त्यांच्या घरातच राहतो जणू.
"लावा की तंबू मागच्या कुरणात,
मेंढ्या व्यायच्या आटोपल्या की.
कुत्रा बांधून ठेवीन.
आणि मेरेरिड, गेल्या खेपेसारखं
मध्यरात्रीच चालू लागू नका बाई,
सकाळी तुमच्यासाठी अंडी उकडली होती."

अंडी. हे आम्हांला माहीतच नव्हतं.

कशावरून भांडलो होतो ते मला नीट आठवतं.
त्यालाही नीट आठवतं, दुसरंच काहीतरी.
एवढं मात्र दोघांचं जुळतं:
पाऊस आडवा येत होता,
बॅटरी त्याच्या दातांत,
ओला तंबू मी गोधडीसारखा कोंबला पिशवीत
आणि उतारावरून आम्ही निघालो,
एकामागे एक, दिव्यांमध्ये अंतर ठेवून.

आज त्याने पिशवी झाडली फरशीवर.
वाळलेलं गवत, एक मेलेली गोगलगाय,
आणि मेखा.
मी मोजल्या. अकरा.
त्याने मोजल्या. अकरा.
आमची खरी मेख तिथेच राहिलीय,
प्रॉसरांच्या कुरणात, चिखलात,
वर्षभर काहीच न ताणता.

"दुकानात डझनाने मिळतात," तो म्हणाला.
"हो," मी म्हणाले.
दोघांपैकी कुणी यादीत लिहिलं नाही.

यादीत मात्र बाकी सगळं आहे:
पंक्चरचे ठिगळ, गॅसची नळकांडी,
काडेपेट्या तीन, तीन वेगवेगळ्या खिशांत,
गुडघ्याचा मलम, ओटमील,
साखळीचं तेल, दोरी, अजून दोरी,
आणि माझ्या अक्षरात नसलेली एक ओळ:
'मिसेस प्रॉसरांना काहीतरी. जॅम?'

खिडकीबाहेर आता धुकं उतरलंय,
समोरचा डोंगर अर्धाच ठेवून.
गिधाडासारखे खांदे काढून पोस्टमन चढ चढतोय,
त्याच्या बुटांचा आवाज लोण्यात सुरी फिरावी तसा.
टेगिड नकाशाच्या भोकावर
आतून चिकटपट्टी लावतो,
पारदर्शक, म्हणजे काही नसलेलंही दिसत राहील.

"मोजे किती जोड घ्यायचे?"
"तिथे किती दिवस आहोत?"
"चार."
"मग घरातले सगळे घे," मी म्हणते.