किती आटे

तारीख उलटून अकरा दिवस.
फाइलवर लाल पेनानं ४१+४
आणि माझं नाव चुकलेलं: हेमांगी.
मी हिमांगी. सांगितलं नाही काही.

शर्वरीनं बापाला विचारलं होतं,
"बाळाला लेट मार्क लागेल?"
"तीन झाले की एक रजा कापतात," म्हणाला
आणि चप्पल शोधायला वाकला, हसू लपवत.
तो महापालिकेचा चावीवाला.
पहाटे चार चाळीसला घाटल्याचं पाणी सोडतो,
खांद्यावर त्याच्याहून उंच लोखंडी चावी.

सासूबाईंनी एरंडेल काढलं.
नणंदेनं अननस पाठवला, सोललेला.
तळमजल्यावरच्या डिमेलो आंटी म्हणाल्या, जिने. चार मजले, तीनदा.
जिने मी चढले. अननस शर्वरीनं खाल्ला.
एरंडेल मोरीत ओतलं;
मोरी त्या दिवशी झकास वाहिली.

डॉक्टर वाहिदा, असेल सत्तावीसची,
डोळ्यांखाली दोन रात्रींचं काळं,
गाद्यावर साड्या उलगडाव्यात तसं एकेक उलगडत गेली.
जेल आहे. गोळी आहे, अगदी बारीक डोसची.
फुगा आहे.
किंवा अजून दोन दिवस, रोज पोटाला पट्टा लावून,
पण आतलं पाणी कमी होतंय, ताई,
मी थांबा म्हणणार नाही.
यातलं काय, ते तुम्ही सांगा.

मागच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.
खासगी नर्सिंग होम, पडदे गुलाबी,
जेल लावलं, मग लगेच ड्रिप, आणि कळा आल्या त्या
उंबरठ्यावर न थांबणाऱ्या पाहुण्यांसारख्या.
दोन कळांच्या मध्ये जागा असते म्हणतात.
मला ती सापडली नाही.

पण शेजारच्या खाटेवरची नसरीन
गोळीवर सहा तासांत मोकळी झाली,
पेढे नव्हते म्हणून तिच्या आईनं ग्लुकोज बिस्किटं वाटली.
तेव्हा कुणाचं काय, सांगता येत नाही.

मी त्याला फोन केला.
वॉल्व्ह कसा उघडतोस रे तू?
"आत्ता हे काय?"
सांग ना.
"एकदम फिरवला तर जुना पाइप फुटतो.
एक आटा द्यायचा. थांबायचं.
चावीला कान लावायचा.
आधी हवा निघते, खोकल्यासारखी. मग पाणी."
आणि उशीर झाला तर?
"तर शिव्या. पण बादल्या भरतातच."

फुगा, मी म्हणाले.
वाहिदानं मान हलवली; बरोबर की चूक, ते नाही सांगितलं.
सही केली. स्पेलिंग माझं.

रबराची नळी, टोकाशी फुगा, साठ मिली सलाइन,
नळी ताणून मांडीला चिकटपट्टी.
शर्वरीच्या पाचव्या वाढदिवसाला
एक फुगा माझ्या तोंडावर फुटला होता,
तेच आठवत राहिलं, नको तेव्हा.
पोटऱ्या दुखल्या, कंबर दुखली, ती आपली रोजची पाळीची दुखी, जरा मोठी.
कॉरिडॉरमध्ये मी फिरले
काहीतरी चोरून नेत असल्यासारखी, गुडघे जवळ.
खिडकीतून माहुलची ज्योत दिसत होती,
रिफायनरीची, एकटी, जागी.
आयाबाई म्हणाली, झोपा की.
तिलाही माहीत होतं, झोप नाही येणार.

साडेतीनला बाथरूममध्ये
तो आपणहून निसटला, अख्खा, न फुटता,
फरशीवर पडला, मासा पडावा तसा.
मी हसले. एकटीच, भिंतीला धरून.

वाहिदानं तपासलं. "तीन सेंटिमीटर.
आता ड्रिप लावू, की थोडं चालता?"
पुन्हा प्रश्न. मला वाटलं होतं एकदाच ठरवायचं असतं.

फोन वाजला. मागे रस्ता, एक कुत्रा,
त्याच्या हातातलं लोखंड कुठेतरी आपटलं.
"काय म्हणतेस? मी इथे झाकण उघडून बसलोय."
थांब, मी म्हटलं.
कळ येत होती.
ती आली, उभी राहिली, गेली,
आणि तिच्यामागे
जागा होती.

थोडं चालते, मी वाहिदाला म्हणाले.
आणि त्याला: तू दे आटा. पहिला.