नऊ शतांश

गुदाउरीहून म्लेताची सगळी वळणं उतरून
वाझाची डेलिका माझ्या दारात थांबली
तेव्हा पुढच्या चाकांना जळका वास होता.

"त्सिआला, पेडल पायाला परत ढकलतं.
दाबलं की धप, धप, धप.
खालून कुणी दार वाजवावं तसं."

किती वेगाला? साठच्या वर.
स्टिअरिंग थरथरतं? थरथरतं.
आणि नुसता हँडब्रेक ओढला तर?
तो गप्प. मग म्हणाला, तेव्हा नाही.
म्हणजे मागची चाकं सुटली यातून.

"डिस्क वाकलीय." सगळे हेच म्हणतात.
दुशेतीत त्याने दोनदा नव्या घातल्या,
दोन्ही खेपेला पाच हजार किलोमीटर सुखाचे,
आणि पुन्हा पायाखाली तेच.
दुखणं म्हशीला, औषध पखालीला.

जॅक लावला. पाना नटावर चढवला, लोंबकळले.
नट ढिम्म.
शेवटी पान्याला पाइप जोडून वर उभी राहिले,
साठ किलोची बाई,
तेव्हा कुठे तो किंचाळत सुटला.
शेजारचा मात्र नुसत्या मनगटाने फिरला.

"कुणी आवळले हे?"
वाझा आरागवीकडे बघत राहिला.
"रेझोने. हिवाळी टायर चढवले तेव्हा.
दुसऱ्या दिवशी जायचं होतं त्याला, पोलंडला.
अंधार, पाऊस, टॉर्च माझ्या हातात.
पान्यावर उड्या मारत होता पोरगा.
म्हणाला, बाबा, आता हे सुटायचे नाहीत."

मी काही बोलले नाही.
दोन नट उलटे घालून डिस्क बसती केली,
तिच्या कडेला घड्याळ टेकवलं,
वेळ न कळणारं घड्याळ,
आणि चाकाची एक फेरी अगदी सावकाश दिली.
काटा चढला, उतरला.
नऊ शतांश मिलिमीटर.

डिस्क काढली. मागे हब:
चौदा हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ,
गंजाचे पापुद्रे, एका अंगाला जाड.
यावर नवी कोरी डिस्कसुद्धा तिरकी बसणार.
एका केसाइतकी. बास.
मग फेरीगणिक तीच जागा पॅडला चाटून जाते,
ब्रेकवर पाय नसतानाही,
सरळ रस्त्यावर, गाणी लावलेली असताना.
वाकत काहीच नाही, वाझा.
झिजतं. एकाच ठिकाणी.

तो म्हणाला, "मग रेझोची चूक नाही."
"अर्धी आहे," मी म्हणाले.
खोटं कशाला?

तारेचा ब्रश, पॉलिशपेपर, पाऊण तास.
हब खाली चमकायला लागला,
तांबूस धूळ माझ्या दातांत.
डिस्का बापाच्या लेथवर धरल्या,
त्याची मोटार सुरू होताना अजून खोकते,
तोही तसाच खोकायचा.
पुन्हा काटा: दीड शतांश. चालेल.

नट आता ताऱ्यासारखे,
एक इथला, एक समोरचा,
टॉर्क पान्याने, टक् होईपर्यंत.
शेवटचा मी वाझाला दिला.
टक् झालं. त्याने आणखी जोर घातला.
मी मनगट धरलं.
"ऐकू आलं ना? इथे थांबायचं."
"एवढ्यावर राहील?"
"एवढ्यावरच राहतं."

अनानुरीच्या वाटेवर आम्ही नवे पॅड बसवून घेतले,
साठावरून दहावर, दहा वेळा,
मधे कुठेही पुरतं न थांबता.
पेडल उंबऱ्यासारखं स्थिर.
तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेला,
अजून काहीतरी येईल म्हणून.

परतल्यावर रेझोचा फोन आला.
अक्रोडांबद्दल बोलले, तिथल्या गोदामातल्या थंडीबद्दल.
गाडी? गाडी छान आहे.
नटांचं नाव नाही काढलं.

पैसे देऊन निघाला.
पन्नास मीटरवर, समोर ना गाय ना वळण,
उगीचच ब्रेक दाबला त्याने.
मागचे दिवे लागले. विझले.
जरा पुढे जाऊन
परत लागले.