धूर आधी, जोर नंतर

इंजिनाचा नंबर तेरा हजारांतला.
शेवटी अठ्ठ्याहत्तर की सत्त्याऐंशी
यावरून वडील आणि खाजाभाई अजून भांडतात,
भैय्या चौकात, अर्ध्या चहावर.

वडील फिटर. आई चादरींच्या कारखान्यात कांड्या भरायची.
तिथलं तुटकं सूत पोत्यानं जायचं ट्रिप शेडात,
डिझेल पुसायला.
ज्याचा मोर व्हायचा होता तो तांबडा-हिरवा गुंता
वडिलांच्या खिशातून काळा होऊन घरी यायचा.
आई ओळखायची : हा माझ्या पाळीतला.

वाडीहून सिमेंट ओढायचं ते.
होटगीला सिग्नल नाही मिळाला
की तासभर उभ्या उभ्या डगडग, डगडग,
मधेच एक ठोका गाळून,
दमेकरी जिन्यात थांबतो तसं.
मग हिरवा. खाजाभाई हँडल सरकवायचे :
तिसरा नॉच, चौथा.
आभाळ काळं, गाडी जागच्या जागी.
वडील हसायचे, "आपल्या सोलापूरसारखंच की बे,
आधी बोंब, मग काम."
आठव्यावर मात्र अठ्ठावन्न डबे
मुकाट मागं यायचे.

मोहोळकडून खांब आले, खांबांमागनं तारा.
रामवाडीत रात्री तीनला
फळीवरची ताटं वाजेनाशी झाली.
आई उठून बसायची.
"गेली का मालगाडी?"
गेलेली असायची.

शेवटच्या रुळावर ते दोन वर्षं उभं होतं.
एकाला त्याचा टर्बो दिला, एकाला मोटर,
काच कुणी नेली माहीत नाही.
बफरखाली वेडी बाभूळ, तिच्यात होल्याचं घरटं.
लिलावात ते फक्त टनांवर गेलं.

गॅस कटरवाला पोरगा विशीतला.
बराच वेळ घिरट्या घालून त्यानं विचारलं,
"काका, कुठनं घेऊ? लवकर कुठनं तुटंल?"

वडील निवृत्त होते. सांगायची सक्ती नव्हती.
त्यांनी पत्र्यावर हात फिरवला, केबिनच्या मागं, गुडघाभर उंचीवर,
आणि थांबले.
"इथनं. हे वेल्डिंग माझं.
मार्चएंडची घाई होती. कच्चं राहिलंय."

ठिणग्या उडाल्या तेव्हा
ते पाण्याच्या टाकीकडं तोंड करून
लंगरच्या मापाच्या हातांनी
जुनं सूत चोळत होते. हात तर स्वच्छच होते.

खाजाभाईंनी संध्याकाळी विचारलं,
"मग, अठ्ठ्याहत्तरच ना?"

कप बशीत ठेवला वडिलांनी.
"बघायचं राहिलंच की बे."