कलम चार, दुरुस्तीसह

फहाहीलच्या टायपिंग सेंटरात
मी अर्ज भरतो, दीड दिनारला एक.
म्हसळ्याच्या मदरशात छड्या खाऊन शिकलेली अरबी
अशी कामाला येईल, हे मौलवींनाही वाटलं नसेल.

दुपारी गिऱ्हाईक नसतं.
तेव्हा मी मजलिसची कार्यक्रमपत्रिका वाचतो.
विषय सव्वीस : परदेशी कामगारांचं वास्तव्य, मसुदा.
कलम चार : ज्यांना पंधरा वर्षं झाली
त्यांचा इकामा पुन्हा काढून देऊ नये.

खोलीवर आम्ही सहा जण,
सहांची मिळून वर्षं एकशे चार.
त्यातली एकतीस एकट्या दत्ताराम भुवडांची.

रात्री ताटावर बसलं की कुणीतरी विचारतंच,
"कुठवर आलं?"
पाहुण्यांनी माणगाव सोडलं का, असं गावी विचारतात तसं.
मी सांगतो, समितीत आहे.
समितीतून बाहेर पडलं.
परत समितीत गेलं,
कुणा सदस्याला पंधराऐवजी दहा हवेत.
इल्यास हुर्झूक म्हणतो, "म्हणजे भाव करतायत."
हो, आणि आपण पाटीतली मासळी.

अरबीत 'यजूझ' म्हणजे करता येईल.
'यजिब' म्हणजे केलंच पाहिजे.
दोन्ही 'य'ने सुरू होतात, 'ज'पर्यंत सोबत चालतात,
मग वाटा फुटतात.
जुन्या मसुद्यात पहिला शब्द होता.
नव्यात दुसरा.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

त्या रात्री सोडे घालून वांगं केलं होतं.
मी म्हणालो, "काही नवीन नाही."
कुणाला काही कळलं नाही.
भुवडांना कळलं असावं,
त्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला नाही.

पहिलं वाचन. बाजूने एकोणतीस, विरोधात अकरा,
दोघं तटस्थ.
त्या दोघांची नावं मी वहीत लिहून ठेवली, का ते माहीत नाही.
एकाचा फोटो पेपरात आला होता,
पोट बिघडल्यासारखा चेहरा,
थेट माझ्या थोरल्या मेव्हण्यासारखा.

दुसरं वाचन मंगळवारी.
मंगळवारी गणसंख्या भरली नाही.
पुढच्या मंगळवारी भरली,
पण उंटांच्या चराऊ जमिनीवरच रात्रीचे दहा वाजले.

त्या शुक्रवारी भुवड बाजारातून आले
ते कार्टन, सुतळी, दोन ब्लँकेटं
आणि नातवासाठी टॉर्च घेऊन.
"अहो, कायदा झालेला नाही अजून."
ते खाली बसून स्केचपेनने पत्ता लिहीत होते,
तालुका गुहागर, दोनदा गिरवून.
"झाल्यावर सगळेच निघतील," म्हणाले,
"तिकीट वाढेल तेव्हा."

राजीनामा मीच टाइप केला. पैसे घेतले नाहीत.
कारणाच्या रकान्यात काय घालू, विचारलं.
थोडा वेळ पंख्याकडे बघून म्हणाले,
"घरगुती."

एकतीस वर्षांचं सामान तीस किलो तीनशे ग्रॅम भरलं.
वरचे तीनशे काउंटरवरच्या पोराने सोडून दिले.

नवव्या दिवशी मजलिस बरखास्त झाली.
प्रलंबित होतं ते सगळं रद्द :
विषय सव्वीस, दहा की पंधरा, उंटसुद्धा.
इल्यासने चार जबैदी आणून तळले.
भुवडांच्या पलंगावर तोवर
तळ्याचा एक पोरगा आला होता, वर्ष शून्य.
तो काटे काढत बसला, कशाची मेजवानी ते न विचारता.

मी बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला.
मागे पंपाचा खडखडाट चालू होता.
"कायदा पडला, भुवड!"
"काय?"
"पडला! पडला म्हणतो!"
"कोण पडलं?" ते घाबरून ओरडले,
"कुणाला लागलं का?"

"कुणाला नाही," म्हटलं.
"आधी तो पंप बंद करा."