मंगळवारची वेळ

डॉक्टर ह्योनिग म्हणाले होते, मंगळवारी या,
तोवर हे कच्चं सिमेंट, त्या बाजूनं चावू नका.
रविवारी तिकडं युद्ध पुकारलं.
सोमवारी फौजदारानं कुलाब्याच्या दवाखान्याला कुलूप घातलं
आणि खुर्चीतला पेशंट चूळ भरतोय तोवर
डॉक्टरांना शत्रू म्हणून नगरच्या छावणीत नेलं.

कोणाचे शत्रू, ते मीच टाइप करायचे.
फोर्टात तिसऱ्या मजल्यावर, निर्वासितांच्या कमिटीत,
मलका वाक्रुळकर, पगार पस्तीस, तीन कार्बन:
सदर इसमास त्याच्याच सरकारनं ज्यू म्हणून हाकललं.
सदर इसमाची बहीण अजून व्हिएन्नात आहे.
राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं.
सेक्रेटरींनी खोडून ‘जर्मन’ केलं.
म्हणाले, नियमानं मागितलं तरच सोडतात.

पहिला अर्ज परत आला.
या नावाचा कैदी छावणीत नाही.
आमच्या मशीनला त्यांच्या नावातल्या
‘ओ’वरची दोन टिंबं येत नव्हती.
(मराठीत एका टिंबावर भागतं.)
मग टाक घेऊन बसले, प्रत्येक प्रतीवर दोन,
तान्ह्याला तीट लावावी तशी.

ग्रेटाबाई बाकावर मोजे विणत बसायच्या.
नगरला थंडी असते?
डिसेंबरात, मी म्हटलं.
डिसेंबरात? म्हणाल्या,
आणि सुया थांबल्या.

रात्री बाबा म्हणाले, आपले पूर्वज
फुटक्या गलबतातून नवगावला लागले,
तेव्हा कोणी रकाने भरून घेतले होते?
घाणा दिला, म्हणाले तेल गाळा.
मी काही बोलले नाही.
दाढेत लवंग धरली होती.

अकरा अर्ज. एक ब्रिगेडियर, दोन पाद्री,
आणि एक पारशी बाई, जिच्या कवळीला
डॉक्टरांशिवाय कोणी हात लावलेला चालत नसे.
कोणाच्या शब्दानं झालं, कळलं नाही.

मे महिन्यात सुटले. तात्पुरते.
दर सोमवारी चौकीवर हजेरी.
पासावर टिंबं नव्हतीच.

कुलूप तेल घालून उघडावं लागलं.
भिंतीवर सप्टेंबर.
त्यांनी छोटा आरसा उकळला, म्हणाले, आ करा.
खूप वेळ बघत राहिले.
उशीर केलात तुम्ही, म्हणाले, आता काढावी लागेल.

कधी येऊ?

सोमवार सोडून कधीही.