ठशाची कड

चैतात आमच्याकडे मोह पहाटे गळतो,
टप् टप्, अंधारात कुणी काही मोजत असल्यासारखा.
उन्हं चढायच्या आत वेचला तर आपला,
नाहीतर हरणांचा, डुकरांचा.

त्या दिवशी चक्कीवर दळण कमी होतं.
पट्टा थांबवून मी फोन उघडला
आणि मेव्हण्याच्या मेव्हण्याकडून आलेला
एक वाघ
गावाच्या ग्रुपात सोडून दिला.
खाली लिहिलेलं: नाल्याजवळ. आताच. सावध राहा.
'आताच' हा शब्द माझा नव्हता.
मी तो पुसलाही नाही.

रोषना कोडापेनं विचारलं, बारावीतली पोरगी:
कोनं पाह्यला? कवा? नाल्याच्या कोन्त्या अंगाले?
मी हसणारी पाच तोंडं पाठवली.
वर लिहिलं, तूच जाऊन पाहून ये ना वो मॅडम.
सत्तावीस जणांनी अंगठे लावले,
न वाचता कागदावर लावावे तसे.
तिनं मग काही लिहिलं नाही.

तीन पहाटे कोणी रानात गेलं नाही.
जैवंताबाईच्या वाट्याच्या झाडांखाली
फुलं पडून आंबली.
वास गावापर्यंत यायचा.
मी चक्कीत बसून तो घ्यायचो,
पिठासोबत.

चौथ्या दिवशी रोषनाचा आजा आला, सुकरू,
पायलीभर तांदूळ घेऊन.
दळण होईस्तोवर म्हणाला, दाखव बा तुया वाघ.
फोन हातभर लांब धरून त्यानं पाहिलं, बराच वेळ,
वाघ सोडून वाघाच्या आजूबाजूला.
'गवत केवढं हिरवं हाये गा.
आपल्या इथं चैतात काडी तरी हिरवी रायते का?
अन् हे पाय, डांबराच्या मधात पांढरी पट्टी.
आपल्या सडकेले कवा कुंकू लावलं कोनं?'

मग फरशीवर साचलेल्या पिठात
बोटानं पंजा काढला.
कड पाय, म्हणाला.
धार असली त ठसा ताजा.
आत दव उतरलं असलं त रातचा.
मुंग्याईनं वाट केली असली, त शिळा.
अन् ज्याच्यावरून शंभर मानसं चालून गेली
तो कोनाचा पाय,
मले नको इचारू.

मी फोनकडे पाहिलं.
फोटोच्या डोक्यावर बारीक दोन बाण,
बाजूला: अनेकदा फॉरवर्ड केलेला.

वाघ नाही असं नाही. वाघ आहे.
सोमा नेवाऱ्याची बैलजोडी
त्यानंच अर्धी केली, दोन वर्षांमागे.
म्हणून तर रानात आम्ही त्याचं नाव घेत नाही,
मोठ्यानं तर नाहीच.
आणि मी ते घेतलं होतं
पंख्याखाली बसून, एका बोटानं.

रात्री मेसेज डिलीट केला.
तिथं एक करडी ओळ उरली,
हा मेसेज डिलीट करण्यात आला,
इतकी सभ्य, की मला वाटलं झालं.
झोप मात्र आली नाही.

पहाटे उठून लिहिलं, जिथं हसलो होतो तिथंच:
तो फोटो आपल्या नाल्याचा नाही.
मी न पाहता टाकला. कुठला आहे मला माहीत नाही.
जैवंताबाई, तीन दिवस तुमचे माझ्यामुळं गेले,
पावसाळ्यापर्यंत तुमच्या दळणाचे पैसे घेणार नाही.
रोषना, तू बरोबर विचारलं होतंस.
मी वाईट बोललो.

सत्तावीसांतले चार अंगठे आले.
रोषनाचं नाव
'टाइप करत आहे' दाखवत राहिलं,
थांबलं,
पुन्हा दाखवू लागलं.

मग तिचा प्रश्न:
माहीत नाही, त ज्यानं धाडला त्याले इचारलं का?

मी मेव्हण्याच्या मेव्हण्याला फोन लावला.
बेल वाजत होती.
बाहेर, अजून काळोखात,
टोपली घेऊन कोणीतरी रानाकडे चाललं होतं.