रवा धरणं

पहिली सहा वर्षं मी फक्त वाट बघितली.
नोंदवहीत दुसरं काही सापडणार नाही:
द्रावण स्वच्छ. स्फटिक नाहीत.
द्रावण स्वच्छ.
झाकणावर मुंगी.

विद्यापीठाच्या माळावरची खोली.
उत्तरेची खिडकी दिवाळीनंतर बंद,
नाहीतर गुऱ्हाळांची काजळी थेट बीकरात.
औषध जंतांवरचं, जुनं, स्वस्त
आणि हट्टी: पाण्यात विरघळायचं नाही.
गोळी गिळा, बरीचशी तशीच बाहेर.
जंत गटारीला झाले असते तर ती बरी झाली असती,
असं मी वर्गात म्हणायचे
आणि मागच्या बाकांवर हसू फुटायचं.

रेणूला हात लावायचा नाही, हे ठरलेलं.
माणूस तोच, गल्ली बदलायची.
एखादं साधं आम्ल त्याच्या शेजारी बसवायचं,
हायड्रोजनचा हात हातात द्यायचा
आणि दोघं मिळून घर बांधतात का बघायचं.
बहुतेकदा नाही बांधत.
आपापल्या कोपऱ्यात रुसून बसतात,
तळाशी पांढरा गाळ.

दस्तगीर मुजावर आमचे परिचर.
काचसामान धुवायचे,
थंडीत रजा टाकून वडणग्याला
मेव्हण्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून उभे राहायचे.
एकदा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले,
"म्याडम, लई निवळ ठेवतासा तुमी.
एवढ्या गुळगुळीत भांड्यात
रवा धरंल कशावर?
जरा ओरखडा काढा की आतनं."

मला ते पुस्तकातून ठाऊक होतं.
ठाऊक होतं आणि केलं नव्हतं.
काचकांडीनं आतला काठ खरवडला,
दातांत शिरशिरी आली.
झालं काहीच नाही.
(हे मुद्दाम लिहिते. गोष्टीत लगेच होतं.)
चौथ्या दिवशी, मंगळवारी,
ओरखड्याच्या रेघेवर सुया उगवलेल्या,
साळिंदराच्या पिल्लासारख्या.

सुया बाटलीत, बाटली लोकरीच्या मोज्यात,
मोजा माझ्या मांडीवर,
अशी मी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळूरला गेले,
त्यांना क्ष-किरणांपुढे बसवायला.
शेजारच्या बाईंनी विचारलं, देवाचं आहे का काही?
म्हटलं, जंतांचं औषध.
त्या सरकून बसल्या.

आणि मग ते वर्ष,
सत्काराच्या भाषणांत जे कुणी घेत नाही.
सुया यायच्या थांबल्या.
तीच कृती, तीच काच, तोच ओरखडा,
येतात मात्र चपट्या, ठिसूळ पाट्या,
पुन्हा पाण्याला न बधणाऱ्या.
या दुसऱ्या रूपाचा एखादा कण
कुणाच्या तरी बाहीवर बसून खोलीभर हिंडत होता
आणि प्रत्येक द्रावणाला आपलं वळण लावत होता.
दिसायचा नाही. धुऊन जायचा नाही.
आम्ही भिंती पुसल्या, कोट जाळले.
सुरेखा मगदूम, माझी विद्यार्थिनी,
अर्ध्या प्रबंधावर डोकं टेकून झोपली
तेव्हा मी तिला उठवलं नाही.

शेवटी तिनंच जागा शोधली:
शिरोलीला, मामाच्या फाउंड्रीत,
वाळू तपासायची माडीवरची खोली.
तिथं लोखंडाची धूळ होती,
आमची नव्हती.
काच नवी, चपला नव्या,
आणि मला जिन्याखालीच अडवलं.
"मॅडम, तुम्ही नको. तुमच्या केसांत असेल."

अठरा वर्षांची माझी विद्या,
माझ्याच केसांत.
मी पायरीवर बसले.
भट्टीवरच्या पोरानं चहा आणून दिला,
कपाच्या कानाला काळी बोटं उमटलेली.
बाहेर ओतकाम चाललं होतं,
लाल रस साच्यांत उतरत होता,
तोही निवताना आत कुठंतरी रवा धरत असेल.

त्या सुया मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत,
फोटोत तेवढ्या.
गोळी अजून दुकानात आलेली नाही.

पण त्या दुपारी, चहा अर्धा असताना,
वरून एक बारीक किरकिर आली,
काचेवर काचेची,
आणि माझ्या दातांत शिरशिरी.